ओट्यावरची आत्या

खारीपाडा, नवापूरजवळ
८ एप्रिल २०२५

शरफू,

रामराम घे, सलाम घे, आणि हे पत्र हातात पडलं की आधी दार लावून घे. मोठ्याने वाचू नकोस. मुलीला वाचायला तर अजिबात देऊ नकोस.

फोन का केला नाही म्हणशील. तुला कमी ऐकू येतं, मला त्याहून कमी. आपण फोनवर बोलायला लागलो की बंदरावरची माणसं आपल्याला उत्तरं देतात. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. चौथीपर्यंत आपण दोघं एका पाटावर बसलो त्याचा आज उपयोग होतो आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तू ईदला मुंब्र्याला मुलीकडे गेलास आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिकडेच राहिलास. इकडे तुझ्या मशिदीच्या दुरुस्तीचं काम सुरू झालं. तिन्ही कमानींना बांबू लागले आहेत. स्नेहा नावाच्या एक बाई आल्या आहेत, दगडांच्या डॉक्टर म्हण. वयाने आपल्या नातीएवढ्या, पण गवंडी त्यांना घाबरतात. आधी मशीद झाली, मग त्या अंगणातल्या घुमटाच्या छत्रीखाली आपल्या आत्याबाईच्या कबरीपाशी आल्या. कबरीवरचे कपडे नीट घडी करून ठेवले. मग चुना काढायला घेतला. दर नारळी पुनवेला आपल्या बायका चुना लावत आल्या, त्याचे थर किती म्हणून सांगू! कांद्यासारखे निघत होते. मी रोज जाऊन बसत होतो, घरचं माणूस कुणीतरी हवं म्हणून.

काल त्या म्हणाल्या, "आजोबा, ही कबर कुणाची म्हणता तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. की ही एका राजाची राणी. तिचं गलबत वादळात सापडलं, आमच्या पाड्याच्या तांडेलाने ते खाडीत ओढून आणलं, तिने त्याला भाऊ म्हटलं आणि इथेच राहिली. म्हणून पाड्यातल्या प्रत्येक मुलाची ती आत्या. लग्नाचं पहिलं आमंत्रण तिला. हळद आधी तिच्या पायरीला लागणार, मग नवरा-नवरीला. तिला लुगडं चढणार. आणि मशिदीचा राखणदार, म्हणजे तू, लग्नात तिच्या वतीने पहिल्या खुर्चीवर बसून आत्याचा मान घेणार.

बाईंनी सगळं ऐकलं. मग कबरीच्या माथ्यावर बोट ठेवलं. चुन्याखालून एक लांबट उंचवटा निघाला होता, कोरीव, पेटीसारखा. म्हणाल्या, "याला कलमदान म्हणतात. हे फक्त पुरुषांच्या कबरीवर असतं. काम शाही आहे, त्यात शंका नाही. पण आजोबा, तुमच्या आत्याबाईंना मिशा होत्या."

मी हौदाच्या कठड्यावर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही.

शरफू, आता काय करू? माझ्या नातीचं, तेजलचं लग्न ११ मेला ठरलं आहे. केळव्याचा दर्पण, मुलगा चांगला आहे. पण त्याची आजी कोण, तर आपली सोजरा. विठू तांडेलाची मुलगी, लहानपणी मला वाळूत ढकलून वर रडायची तीच. तेजलला सख्खी आत्या नाही, मला मुलगी झालीच नाही. साखरपुड्याला यावरून कुणीतरी नाक मुरडलं, तर सोजराबाई भर मांडवात म्हणाली, "सख्खी आत्या नाय याची फिकीर नाय. माझी आत्या तीच तिची आत्या. राणीची भाची माझ्या घरात येते हाय!" साऱ्या केळव्यात तिने हे सांगितलं आहे. आता तिला कळलं की राणी नव्हतीच, तर? म्हणेल, आत्या खोटी, तर बाकी काय खरं? लग्न मोडलं तर मी पोरीला तोंड कसं दाखवू?

बाईंना मी हात जोडून सांगितलं आहे की लग्न होईपर्यंत कुणाला बोलू नका. त्यांनी कबरीवर कपडा टाकून ठेवला आहे. घरात बायकोला, शकूलाही मी काही सांगितलेलं नाही. लवकर लिही.

तुझा
नामू


मुंब्रा
१३ एप्रिल २०२५

नामू,

सलाम. सांगितल्याप्रमाणे दार लावून वाचलं. थोड्या वेळाने तुझ्या मुनीरावहिनीने बाहेरून दार वाजवलं. "अहो, आत कुणी गुदमरतंय का?" गुदमरत नव्हतो, हसत होतो. हसताना गुडघ्यालाही कळ येते हे मला माहीत नव्हतं. पत्रात काय आहे विचारते. मी म्हटलं, नामूला खोकला झालाय. म्हणाली, "खोकल्याला चार पानं?"

हसून झालं आणि मग मला माझा राग आला. तू तेजलचं बघतोस, माझं बघ. माझे वडील गेल्यापासून पाड्यातल्या प्रत्येक लग्नात आत्या म्हणून मी बसलो आहे. तुझ्या मुलाच्या, अंकुशच्या लग्नात बायकांनी माझ्याभोवती फेर धरून काय गाणं म्हटलं आठवतं?

आत्याबाई आली, खुर्ची भरून बसली
लाडवांच्या ताटाला दाढी लावून गेली

सारा मांडव हसला. मी खाली मान घालून लाडू खाल्ला. मनात म्हटलं, शरफुद्दीन, बेगमसाहेबांसाठी सोसायचं. आणि आता तू सांगतोस की ते बेगमसाहेब नव्हतेच, सुलतान होते! म्हणजे मी सुलतानाचा माणूस. मला कुणी मुजरा करायला हवा होता. तुम्ही मला लुगडी दिलीत.

चेष्टा पुरे. माझं ऐक, शकूवहिनींना सांगून टाक. सुके बोंबील पेटीत ठेवून कुलूप लावलं म्हणून वास थांबत नाही. बायकांना तुझ्या तोंडावरूनच कळेल. तुझं तोंड लहानपणापासून असंच आहे, मास्तरांनी विचारायच्या आधी तू रडायचास.

डॉक्टर म्हणतात, मेअखेरपर्यंत प्रवास नको. बघू.

शरफू


खारीपाडा
१८ एप्रिल २०२५

शरफू,

तुला लाडू आठवतो आणि इथे माझ्या घशाखाली पेज उतरत नाही.

शकूला सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "जांभई देता तर हात धरा तोंडावर." दुसऱ्यांदा म्हणाली, "पोटात दुखतं तर ओवा खा." मी ओवा खाल्ला.

मग मला एक तोड सुचली. म्हटलं, आत असेल तो असेल, आपण दोन्ही मान देऊन मोकळे होऊ. बोईसरच्या बाजारातून एक हिरवं लुगडं आणि एक लाल फेटा आणला. पिशवीत घालून दुपारी मशिदीत गेलो. तुझ्या जागी जे तरुण मौलवी आले आहेत ना, उत्तरेकडचे, ते अंगणात झाडत होते. पिशवी बघून म्हणाले, "चाचा, ये किसके लिए?"

मी म्हटलं, "दोघांसाठी."

"दोनों कौन?"

आता काय सांगणार! मी म्हटलं, "एक हाय, पण खात्री नाय."

त्या बिचाऱ्यांनी झाडू खाली ठेवला. मग मला सावलीत बसवून पाणी दिलं. माणूस चांगला आहे. म्हणाले, "कबर पे नहीं चाचा, अभी काम चालू है. सीढ़ी पे रख दीजिए." मी दोन्ही पायरीवर ठेवलं. तेवढ्यात स्नेहाबाई आल्या आणि तोंडाला पदर नाही म्हणून हेल्मेट लावून हसल्या. मी दोन्ही उचलून परत आणलं. फेटा आता तांदळाच्या डब्यात लपवला आहे. शकूला सापडला तर कुणासाठी म्हणून सांगू?

सारखा एकच विचार डोक्यात फिरतो. पहिली हळद आत्याची असते. पुरुषाच्या पायरीची हळद नवरीला लावली असं कुठे ऐकलं आहेस का? तू म्हणशील आत्या गेली तर काका मिळाला. काका हळद लावत नाही शरफू. काका पंगतीत तूप वाढतो. आणि मग मागच्या सगळ्यांचं काय? माझ्या आईची हळद तिथलीच. शकूचीही तिथलीच. परवा ती भाकरी थापत होती, मी तिच्याकडे बघत बसलो. वाटलं, आमचं लग्न झालेलं आहे की नाही?

ती म्हणाली, "काय बघता? कवा बघितली नाय काय?"

मी बाहेर जाऊन बसलो.

स्नेहाबाई म्हणतात, काम संपलं की मशिदीबाहेर माहितीचा बोर्ड लागणार. त्यावर काय लिहिणार विचारलं. म्हणाल्या, जे आहे ते. काम ११ मेच्या आधी संपतं आहे. सोजराबाईला वाचता येत नसेल, पण तिच्या नातवाला येतं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड बोर्डासमोरून येणार.

काहीतरी सुचव.

नामू


मुंब्रा
२३ एप्रिल २०२५

नामू,

तुझं लग्न झालेलं आहे. इतकी वर्षं रोज भांडताय, ते काय उगाच? लग्नाशिवाय एवढं भांडण कुणी कुणाशी करत नाही.

पण एक गोष्ट मलाही खुपते. आपल्याला ती राणी आहे असं सांगितलं कुणी? दगडावर तर काही लिहिलेलं नाही. माझ्या वडिलांनीही मला कधी समजावून सांगितलं नाही. त्यांना विचारलं की म्हणायचे, तुझ्या आईला विचार. आई म्हणायची, आत्याबाई ती आत्याबाई, पाणी भर. लहानपणी आपण तिथे खेळायला गेलो की बायका हाकलायच्या. आठवतं? छत्रीच्या ओट्यावर बायका बसलेल्या असायच्या, खाडीच्या तोंडाकडे बघत. वारं सुटलं की तर पहाटेपासून. आपण जवळ गेलो की सगळ्या गप्प.

म्हणून म्हणतो, यातलं आपल्याला ठाऊक नाही असं काही असेल. तू शकूवहिनींना विचार. सांगू नकोस, नुसतं विचार.

बोर्डाची काळजी करू नकोस. सोजराचं थोडं अल्लावर सोड, थोडं माझ्यावर.

मुनीरा विचारते, नामूभाऊंचा खोकला कसा आहे. बरा आहे म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसली. का हसली ते कळलं नाही.

शरफू


खारीपाडा
२८ एप्रिल २०२५

शरफू,

तू काय केलंस? खरं सांग, काय केलंस?

काल दर्पण स्वतः मोटरसायकलवरून आला. चहा घेतला नाही. दारातूनच म्हणाला, "आजोबा, आजीने निरोप दिलाय. रविवारी सकाळी ती आत्याच्या ओट्यावर येणार हाय. तुमी या. तुमाला एकट्याला बोलायचं हाय म्हणाली."

मी विचारलं, "कशाबद्दल?"

"आत्याबद्दल."

"रागात हाय काय?"

"आजीचं मला कळत नाय. फोन आला, ऐकला, ठेवला. मग बराच वेळ भिंतीकडं तोंड करून बसली."

फोन! कुणाचा फोन? केळव्यात तिला फोन करणारं माझ्या माहितीत एकच माणूस आहे, ज्याला मी दार लावून पत्र वाचायला सांगितलं होतं. सोजराचं माझ्यावर सोड म्हणे. सोडलं आणि तू बुडवलंस.

आता माझी खात्री झाली आहे. ती लग्न मोडायला येते आहे. घरी येत नाही, ओट्यावर बोलावते, म्हणजे चार लोकांत बोभाटा नको म्हणून. तेवढी तिची मेहरबानी. तेजल काल मेंदीच्या बाईला फोन करत होती, हसत होती. मी आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटं करून आलो. माझ्याने तारीख बघवत नाही.

काय बोलायचं ते पाठ करतो आहे. "सोजराबाई, राणीची भाची नसली तरी राजाची भाची आहे, राजा मोठा की राणी?" हे मांजरासमोर म्हणून बघितलं, तर चांगलं वाटलं. पण सोजरासमोर मला शब्द फुटत नाही हे तुला ठाऊक आहे.

शकूला विचारायला गेलो होतो, तू म्हणालास तसं. ती तांदळाच्या डब्यापाशी उभी होती, फेटा तिच्या हातात. म्हणाली, "हा कुनाला?" मी म्हटलं, "चिंतूला. नवरीच्या बापाला फेटा नको काय?" चिंतूने जन्मात टोपी घातली नाही. तिने फेटा परत डब्यात ठेवला. गुणगुणत निघून गेली. माझं घर बुडायला आलं आहे आणि ही गुणगुणते आहे.

नामू


मुंब्रा
२ मे २०२५

नामू,

रागावू नकोस. फोन मीच केला होता. म्हटलं, तिला बाहेरून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळावं. सगळं सांगितलं, कलमदान, मिशा, सगळं. पलीकडून काहीतरी आवाज झाला. ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, माझे कान तुला माहीत आहेत. मग फोन ठेवला. तेव्हापासून मीही धड झोपलेलो नाही.

हे पत्र रविवारच्या आत तुला मिळेल असं वाटत नाही. मिळालं तर एवढंच कर, गप्प बस आणि तिला बोलू दे. जे होईल ते लगेच लिही. लग्न मोडलं तर मी काठी टेकत केळव्याला जाईन आणि तिच्या दारात बसेन. आत्याचा माणूस आहे मी, रुसायचा हक्क मलाही आहे.

शरफू


खारीपाडा
५ मे २०२५

शरफू,

बस आधी. पाय वर घेऊन बस. सांगायला खूप आहे.

रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून गेलो. मौलवींनी अंगणाचं दार उघडून दिलं आणि माझा चेहरा बघून न विचारता पाण्याचा तांब्या आणून दिला. बांबू उतरले आहेत. तुझी मशीद अशी दिसते की तुला ओळखू येणार नाही, काळा दगड स्वच्छ झाला आहे, कमानीवरच्या वेली दिसायला लागल्या आहेत. मी ते बघत उभा राहिलो, कारण ओट्याकडे बघायची छाती होत नव्हती.

ओट्यावर सोजराबाई बसली होती. एकटी नव्हती. शेजारी शकू होती! दोघींच्या मध्ये पानाचा डबा. दोघी खाडीकडे तोंड करून, पाय सोडून, जशा काही इथे राहायलाच आल्या आहेत.

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "सोजराबाई, मिशा असल्या तरी माणूस चांगला होता."

शरफू, त्या दोघी अशा हसल्या की कबुतरं उडाली. सोजराबाईला ठसका लागला. शकूने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि मला म्हणाली, "बसा खाली. उभ्या उभ्या पडाल."

मी पायरीवर बसलो.

सोजराबाई डोळे पुसत म्हणाली, "नाम्या, तुला काय वाटलं, आमाला म्हाईत नाय?"

"काय म्हाईत?"

"आत्याला मिशा व्हत्या ते."

मी शकूकडे बघितलं. ती पानाला चुना लावत होती. म्हणाली, "लग्न हून आले त्याच वर्सी सासूबाईंनी सांगितलं. पहिल्या नारळी पुनवेला मला इथं आणलं. हातात चुन्याचं मडकं दिलं. म्हणाल्या, वरचा उंचवटा हाय तिथं दाबून लाव. दिसता कामा नये. कुनी पुरुष आला तर बोलू नको."

"माझी आई म्हणाली?"

"तुमची आई. तिला तिच्या सासूनं सांगितलं. पाड्यातल्या सगळ्या बायकांना ठाव हाय. राखणदाराच्या घरच्या बायकांनीच पहिल्यांदा सांगितलं, त्यांना दगडाची खूण म्हाईत व्हती."

माझ्या डोक्यात काही शिरेना. मी म्हटलं, "मग लपवलं कशापायी? राजा तर राजा. राजा काय वाईट?"

तेव्हा सोजराबाईने हसणं थांबवलं. हात खाडीच्या तोंडाकडे केला. भरती लागत होती, नवापूरच्या दोन होड्या वळून आत येत होत्या. म्हणाली, "हितनं होडी दिसते. पाड्यात दुसरी अशी जागा हाय काय सांग. वादळात तुमी भाईर असलात की आमी कुठं बसायचं? घरात बसवत नाय. बंदरावर पुरुष. हितं बसावं तर परक्या पुरुषाच्या कबरीशी बायका बसल्या म्हणून बोलणार. मग कोण्या शहाणीनं त्याला आत्या करून टाकला. आत्याच्या मांडीशी बसायला कुनाची परवानगी लागते?"

मी म्हटलं, "पण आमाला सांगितलं असतंत तर..."

"तर?" शकू म्हणाली. "राजा हाय असं तुमाला कळलं असतं तर दुसऱ्या दिशी हितं पत्ते आले असते. तंबाखू आली असती. कमिटी झाली असती, अध्यक्ष झाला असता. आमाला टेकायला जागा उरली असती काय?"

शरफू, खरं सांगतो, मला तो अध्यक्ष डोळ्यांसमोर दिसलासुद्धा. मीच होतो.

त्या होड्या आत आल्या तेव्हा दोघींनी एकाच वेळी श्वास सोडला. होड्या त्यांच्या घरच्या नव्हत्या, तरी. मी इतकी वर्षं दर्यावर गेलो, वादळात किनाऱ्याकडे बघितलं की ही पांढरी छत्री दिसायची. तिच्याखाली माझ्यासाठी कुणी बसलेलं असेल असं मनात आलं नाही. मला वाटायचं, घरी भाकरी भाजत असतील.

मग मला लग्न आठवलं. भीत भीत विचारलं, "म्हंजे लग्न..."

"लग्नाला काय धाड भरली?" सोजराबाई म्हणाली. "मी त्यासाठीच आले. शरफ्याचा फोन आला आणि मला घोर लागला. म्हटलं, आता हे दोघं म्हातारे साऱ्या दुनियेला सांगत फिरणार आणि माझ्या नातसुनेची आत्या जाणार. हसू येत व्हतं आणि जीव पण घाबरला व्हता, म्हणून भिंतीकडं तोंड करून बसले. नाम्या, तुला कळलं, शरफ्याला कळलं, हितंच थांबायचं. तिसऱ्या पुरुषाला कळलं तर वाळूत पुरीन."

मी आत्याच्या पायरीवर हात ठेवून कबूल झालो.

राहिला बोर्ड. शकूने स्नेहाबाईंना हाक मारून ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याहून जास्त सांगितलं असावं, कारण मला मध्येच पान आणायला पिटाळलं. परत आलो तेव्हा बाईंचे डोळे ओले होते आणि तोंडात पान होतं. म्हणाल्या, "आजोबा, माझ्या कागदांत कलमदान राहील, मला खोटं लिहिता येत नाही. पण बाहेरच्या बोर्डावर 'मशीद व शाही कबर' एवढंच लिहीन. ते तर खरंच आहे." मग शकूला विचारलं, "चुना परत लावणार का?" चुना आता लावायचा नाही, दगड खराब होतो, असं ठरलं. त्याऐवजी जाड कपडा, कलमदान झाकेल असा, बायकांनीच शिवायचा. सोजराबाईने माप वितीने तिथेच घेतलं.

त्या म्हणाल्या, पहिली हळद शनिवारी सकाळी. नेहमीसारखीच. मी विचारलं, "पुरुषाच्या पायरीची हळद चालेल ना?" शकू म्हणाली, "तुमाला लागलेली चालली, मग हिला न चालायला काय झालं?"

आज सकाळी पेज प्यायलो. दोन वाट्या. कॅलेंडरचं पान सरळ केलं.

आता एकच राहिलं. आत्याची खुर्ची रिकामी आहे. गुडघा कसा आहे ते कळव. चिंतू गाडी घेऊन येईल. आलास तर बरं होईल. नाही आलास तर मौलवींना बसवावं लागेल, पण त्यांना मी काय सांगू? तिसऱ्या पुरुषाला सांगायचं नाही म्हणून कबूल झालो आहे.

नामू


मुंब्रा
७ मे २०२५

नामू,

तुझं पत्र वाचलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. मुनीरा माशाला मसाला लावत होती. म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

ती मागे न बघता म्हणाली, "नामूभाऊंचा खोकला बरा झाला वाटतं."

राखणदाराच्या घरात जन्मलो मी. चाव्या माझ्या कमरेला होत्या, रोज दिवा मी लावला. आणि माझी आई, माझी बायको, दोघींनी मला त्या कबरीच्या शेजारी ठेवून अंधारात ठेवलं. मी म्हटलं, "निदान मला तरी सांगायचं." ती म्हणाली, "तुम्हांला सांगितलं असतं तर नामूभाऊंना कळलं असतं. नामूभाऊंना कळलं असतं तर त्यांच्या तोंडावरून पाड्याला." तुझ्या तोंडाबद्दल मी पहिल्या पत्रात हेच लिहिलं होतं.

डॉक्टरांना विचारलं. मान हलवली, पण हसले. चिंतूला शुक्रवारी पाठव, पत्र वेळेत पोचणार नाही म्हणून मुनीराने शकूवहिनींना फोनवर सांगितलंच आहे. मुनीराही येते आहे, शनिवारी ओट्यावर जायचं आहे म्हणते. कपडा तीच शिवून आणते आहे, सोजराने माप फोनवर कळवलंय. या बायकांचे फोन कुणाला ऐकू जात नाहीत, लक्षात आलं का तुझ्या?

एकच गोष्ट मला अडली होती. मुनीराला म्हटलं, आजवर मी बेगमसाहेबांच्या वतीने बसलो, ते वेगळं. आता ठाऊक असताना, एवढी दाढी घेऊन, एका सुलतानाच्या वतीने बायकांच्या गाण्यात आत्या होऊन कसा बसू? लाज वाटते.

ती हात धुऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "ते सुलतान होते. एवढी वर्षं आत्या होऊन राहिले, तक्रार केली नाही. तुम्ही दोन तास बसा."

शुक्रवारी येतो.

शरफू